बिनखिळ्याच्या चपला

आनंदराव गजघाटेंना खिळा सहन होत नाही. भिंतीतला चालतो, चपलेतला नाही. त्यांच्या शेडमध्ये कोणी बाजारातली चप्पल घालून शिरलं की ते आधी तोंडाकडे बघत नाहीत, पायाकडे बघतात.

"काढ गा ते. तुले टोचलं तं तू बोंबलशीन. माह्या लोकाइले टोचलेलं समजत नाई."

त्यांचे लोक म्हणजे कुष्ठरोगातून बरे झालेले तीसेक म्हातारे-म्हाताऱ्या. गोळ्यांनी रोग साफ गेला, पण जाताना तळपायाची जाणीव घेऊन गेला. काच रुतली, निखाऱ्यावर पाय पडला, तरी कळत नाही. मग फोड, मग पू, मग हाड. म्हणून आनंदराव मऊ काळ्या रबराच्या चपला करतात. पट्टे शिवायचे, तळ चिकटवायचा, खिळा एकही नाही. त्यांची स्वतःची बोटंही बधिर आहेत, म्हणून तयार झालेली चप्पल ते आतून गालावर फिरवतात. दोऱ्याची गाठ राहिली असेल तर गालाला लागते. मी पहिल्यांदा हे बघून हसले होते. त्यांनी ती चप्पल माझ्या गालावर घासली. "आता हास वं." गाठ खरंच होती.

हा आश्रम हिंगण्याच्या पुढं, कंपन्यांच्या बसेस वळतात त्या फाट्यावरून आत आहे. चालवतात फादर लोक. तपकिरी झगा, कमरेला पांढरा दोर, दोराला तीन गाठी. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांच्या. त्यांचा संत असिसीचा फ्रान्सिस. इटलीतल्या कापडवाल्याचा लाडावलेला पोरगा. आठशे वर्षांमागं एकदा घोड्यावरून जाताना त्याला वाटेत महारोगी दिसला. किळस गिळून तो खाली उतरला आणि त्यानं त्या माणसाच्या हाताचं चुंबन घेतलं. पुढं सगळं टाकून तो अनवाणी फिरला, महारोग्यांच्या जखमा धुतल्या. या लोकांचं सगळं काम त्या एका गोष्टीवर उभं आहे, आणि मी उगाच कोणाची तारीफ करत नाही, पण काम त्यांनी केलंय. सख्ख्या भावानं ज्यांना गोठ्यात ठेवलं त्यांना यांनी पलंग दिला. आनंदराव बौद्ध, शेडमध्ये बाबासाहेबांचा फोटो. पंचेचाळीस वर्षांत कोणी त्यांना 'चर्चमध्ये या' म्हटलं नाही. हे सांगायला हवं म्हणून सांगितलं. आता पुढचं ऐका.

आनंदराव एकोणिसाव्या वर्षी भिवापूरकडून आले. पाठीवर चट्टे, हातात एक पिशवी. व्हॅलेरियन नावाच्या केरळी ब्रदरनं त्यांना रबर कापायला शिकवलं. दोन वर्षांनी प्रेमिलाबाई आल्या, त्याच बिमारीच्या. जेवणाच्या हॉलमध्ये बुद्धवंदना घेऊन लग्न लागलं, झगेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. व्हॅलेरियन ब्रदरनं तेव्हाच एक नियम घालून दिला: संध्याकाळी जेवणाआधी प्रत्येकानं दुसऱ्याचे तळपाय बघायचे. आपला तळवा आपल्याला दिसत नाही आणि यांना तर दुखतही नाही. तेव्हापासून दिवेलागणीला आनंदराव बायकोचे पाय मांडीवर घेऊन बघत आले. भांडण असलं तरी बघत. "पाय इकडं कर, तोंड तिकडंच राहू दे," असं म्हणून बघत.

प्रेमिलाबाईंच्या उजव्या पायाला अंगठ्याखाली जखम होती. चार वर्षं भरत नव्हती. आनंदरावांनी त्या एका पायासाठी सात वेळा तळ बदलला, जखमेच्या जागी रबर कोरून काढलं, म्हणजे भार तिथं पडणार नाही. गेल्या पोळ्याच्या सुमारास ती भरली. डॉक्टर म्हणाले, "बाई, आता परत उघडली तर हाड वाचणार नाही. पाय काढावा लागेल." त्या वाक्याच्या धाकात ते दोघं जगत होते.

मग चार ऑक्टोबर जवळ आला. फ्रान्सिसचा सण.

या सणाला शहरातून माणसं येतात, गाड्या लागतात, बिशप येतात. आणि आश्रमातले म्हातारे बसतात कुठं? मंडपाच्या मागं, स्वयंपाकघराजवळ, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. जेवणाचं ताट तिथंच पोचतं. मी या लोकांची पेन्शनची, दाखल्यांची कामं करते, तहसीलच्या खिडकीवर माझं नाव ऐकून बाबू चहाला उठतात. मागच्या सणाला मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं, मग यंदा गप्प बसणार होते होय? मी तडक गार्डियन फादरच्या खोलीत गेले. आश्रमाच्या मुख्याला ते गार्डियन म्हणतात. फादर अन्सेल्म, वसईचे, चाळिशीच्या आतले, भाषा स्वच्छ.

"तुमचा संत ज्या महारोग्यासाठी घोड्यावरून उतरला," मी म्हटलं, "त्यालाच तुम्ही मागच्या खुर्चीवर बसवलं."

मला भांडण हवं होतं. ते मिळालं नाही. माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"खरं आहे, अरुंधतीताई," ते म्हणाले. "यंदा सणाच्या मिरवणुकीत ते सगळ्यांच्या पुढे चालतील. आम्ही प्रत्येकाचा हात धरून चालू."

मी जिंकले होते. आठवडाभर मान ताठ करून फिरले. मग फादरनी पत्रक काढलं: संताच्या मृत्यूला आठशे वर्षं होत आहेत, त्या स्मरणार्थ फाट्यापासून चर्चपर्यंत दोन किलोमीटर अनवाणी पदयात्रा. संत चालला तसं. सगळे, बिशपसुद्धा.

आनंदराव पत्रक घेऊन फादरकडं गेले. मी सोबत होते.

"फादर, आमाले अनवानी नका चालवू."

"आनंदराव, मी स्वतः अनवाणी चालणार आहे. तुमच्या शेजारी. तुम्ही चपला घालून आणि आम्ही अनवाणी, असं झालं तर पुन्हा तुम्ही वेगळेच दिसाल ना? मला तो भेदच नको आहे."

"तुमाले पोळलं तं तुमी टांग उचलसान. आमी काय उचलू?"

"सकाळी नऊला निघू. ऊन नसेल."

आनंदराव माझ्याकडं वळले. "तू सांग वं यायले. तुयं ऐकतेत."

आणि मी काय म्हटलं ते लिहिते, कारण मी ते बदलून सांगायला लागले आहे असं मला हल्ली जाणवतं. मी म्हटलं, "काका, चाळीस वर्षांनी पुढं बोलावलंय. एक दिवसाचं आहे. आता चपलेवरून मोडता नका घालू."

ते शेडमध्ये जाऊन रबर कापत बसले.

प्रेमिलाबाईंनी पेटीतलं पांढरं पातळ काढलं. आनंदराव दारात उभे राहिले.

"तू नाई जाशीन."

"काहून?"

"काहून म्हंजे? डॉक्टर काय बोलला, इसरली?"

"नाई इसरली. बिशप हात धरनार हाये माहा. सगळ्याइसमोर. तुमी धरता घरात. रस्त्यावर कोनी धरला काय आजवर?"

"मी धरला नं!"

"तुमी बी बिमारीवालेच. तुमचं काय लागते त्यात."

चाळीस वर्षांच्या संसारात इतकं लागणारं वाक्य त्या बोलल्या नव्हत्या, असं आनंदरावांनी मला नंतर सांगितलं. मिरवणुकीच्या दिवशी ते चालायला गेले नाहीत.

नऊची मिरवणूक साडेअकराला निघाली. बिशपांची गाडी अडकली, मग बॅन्डवाले आले नाहीत, मग फोटोवाले आले. ऑक्टोबरचं ऊन डांबरावर उतरलं होतं. शहरातली माणसं हजार पावलांत कडेच्या मातीत उतरली, कोणी हळूच सॅन्डल घातल्या. फादर अन्सेल्म ओठ चावत चालत होते, त्यांचे तळवे लाल झालेले मी पाहिले. आणि आपली म्हातारी माणसं सरळ मधून, डांबरावरून, हसत. प्रेमिलाबाई सगळ्यांत पुढं, डावा हात बिशपांच्या हातात. कोणी तरी म्हणालं, "काय श्रद्धा आहे बघा!" मलाही तसंच वाटलं. मी टाळ्या वाजवल्या.

त्या संध्याकाळी बिर्याणी होती, भाषणं होती. तळपाय बघायचं बाकी कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. प्रेमिलाबाई घरी गेल्या, नेहमीच्या जागी बसल्या, पाय पुढं केले. आनंदराव भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी खोलीत वास आला तेव्हा ते उठले.

मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दीड महिना काढला. नोव्हेंबरच्या शेवटी गुडघ्याखालून पाय काढला. आणखी सहा जणांच्या जखमा उघडल्या, त्या निदान भरल्या.

फादर अन्सेल्म वॉर्डात आले. कॉटजवळ गुडघ्यावर बसले, प्रेमिलाबाईंच्या राहिलेल्या पायावर डोकं ठेवून रडले. प्रेमिलाबाईच त्यांना थोपटत होत्या. "राहू द्या नं फादर. तुमी काय मुद्दाम केलं काय?"

"उठा," आनंदराव म्हणाले. "रडून काय होनार? एक काम करसान?"

"काहीही सांगा."

"ज्या लोकाइसमोर चालवलं त्याइच्याचसमोर सांगा, हे चुकलं म्हून. माईकवर. पुढच्या साली दुसरा कोनी फादर येईन, त्याले बी आठवलं पायजे."

फादरनी हात छातीवर ठेवून शब्द दिला. मला तो माणूस तेव्हा आवडला. खोटं का बोलू?

जानेवारीतल्या एका रविवारी प्रेमिलाबाई घरी आल्या, आणि त्याच रविवारी फादरनी प्रवचन ठेवलं. आनंदराव आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये आले, शर्टाचं वरचं बटण लावून. प्रेमिलाबाई चाकाच्या खुर्चीत, मी मागं धरून. चर्च भरलेलं.

फादरनी सुरुवात चांगली केली. दोन मिनिटं मला वाटलं, आता म्हणणार. मग त्यांचा आवाज कापला, आणि कापला की गोड झाला. संतानं देह झिजवला, त्याच्याही अंगावर घाव होते, वगैरे. आणि मग: "त्या दिवशी आपल्यातल्या एका मातेनं काही न बोलता, वेदनेचा एक शब्द न काढता, आपला पाय प्रभूच्या चरणी अर्पण केला. आपण तिच्यासमोर लहान आहोत."

बाया पदर डोळ्याला लावायला लागल्या. फादर खोटं बोलत नव्हते, हेच वाईट होतं. त्यांना ते तसंच दिसायला लागलं होतं.

आनंदराव उभे राहिले.

"अर्पन नाई केला."

फादर थांबले.

"तिनं देल्ला नाई. तिले समजलंच नाई पोळून राहिलं म्हून. वेदनेचा शब्द कुठून काढन? तुमी चालवलं. या बाईनं," माझ्याकडं बोट, "या बाईनं हट्ट धरला. अन् मी तीन दिवस पायलं नाई रागात. तिघाइनं मिळून घेतला तो पाय. हे सांगा नं. हे सांगाले सांगतलं होतं तुमाले."

माईक चालू होता, नुसता शूं आवाज येत होता. फादरचं तोंड पांढरं पडलं. ते काहीतरी बोलणार होते, मी शपथेवर सांगते, त्यांचे ओठ हलले. तेवढ्यात कोणीतरी पेटीवाल्याला खूण केली आणि भजन सुरू झालं. प्रेमिलाबाईंनी नवऱ्याच्या शर्टाचं टोक धरून खाली ओढलं. "बसा आता. बोलले नं." आनंदराव बसले नाहीत, भजन संपेपर्यंत उभेच होते.

मला उठून काही बोलता आलं असतं. कलेक्टरच्या हॉलमध्ये बोलते. तिथं नाही बोलले.

मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपल्यावर आम्ही खुर्ची बाहेर काढली तर पायऱ्यांपाशी बाया थांबलेल्या. प्रतापनगरच्या, शहरातल्या, चांगल्या घरच्या. एक पुढं आली, वाकली आणि प्रेमिलाबाईंच्या तुटक्या पायाला, पातळावरूनच, हात लावून तो हात कपाळाला नेला. मग दुसरी. मग रांगच लागली. वर्षानुवर्षं सणाला यायच्या त्या याच बाया. प्रेमिलाबाईंनी पुढं केलेला पाण्याचा ग्लास नको म्हणून बाटली विकत घेणाऱ्या.

माझं डोकं सणकलं. "सरका," मी ओरडले, "देऊळ आहे काय हे? सरका मागं!"

आनंदरावही पुढं झाले, त्यांनी एकीचा हात बाजूला केला.

प्रेमिलाबाई नवऱ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "लावू द्या नं. चाळीस सालात कोनी लावला नाई."

आनंदरावांनी हात मागं घेतला. खुर्चीच्या बाजूला होऊन उभे राहिले. रांग बरीच लांब होती.