हात ज्याचा त्याचा

हौशी रेडिओचा, घरून बिनतारी संदेश पाठवायचा परवाना हातात पडला आणि माझी झोप उडाली, कारण सेट कुठला घ्यायचा हे ठरेना. ऑफिसातला एक सहकारी अमेरिकेला ऑनसाइट होता. तिथून डब्याएवढा नवा सेट आणायला तो तयार होता, फक्त रविवारी दुपारपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. मला मात्र नारायण पेठेतल्या एका काकांचा जुना, जड सेट हवा होता. तो घरी उघडून दुरुस्त करता येतो. दिवसभर कॉम्प्युटरवर कोड लिहून मला हाताला लागेल असं काहीतरी हवं झालं होतं.

रविवारी सकाळी पावणेसातला मी त्यांच्याकडे पोचले. "पंधरा मिनिटं लवकर आलात. बसा," काका म्हणाले. चहाचं नाव नाही.

सेट सुरूच होता, शेजारी टिंबं-रेघांचे संदेश पाठवायची मोर्सची किल्ली. त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता आणि डाव्यानं त्यांनी तो दाबून धरला होता. त्यांनीच सांगितलं, साताऱ्याच्या एका मित्राशी ते वीस वर्षं रोज सकाळी सात वाजता मोर्समध्ये बोलत. हल्ली काकांचं पाठवणं त्या मित्राला कळेनासं झालं होतं. काकांनी 'किल्ली बिघडलीय' अशी थाप मारून ठेवली होती.

"सेट हवा असेल तर एक अट," ते म्हणाले. "रोज सातला माझ्या कॉलसाइननं त्याला दोन ओळी पाठवायच्या. आज इथून, उद्यापासून आपल्या घरून. हात माझा नाही हे त्याला कळता कामा नये."

कॉलसाइन हे परवान्यावरचं ज्याचं त्याचं सांकेतिक नाव; दुसऱ्याचं वापरायचं म्हणजे कोऱ्या करकरीत परवान्यावर पाणी सोडायची तयारी हवी. नाही म्हणायला हवं होतं. पण सेटची तबकडी मागच्या खेपेला फिरवून पाहिली होती, आणि मोह वाईट. मी किल्लीवर बोटं ठेवली.

मोर्स मी कॉम्प्युटरवर शिकले होते. माझी टिंबं नि रेघा अगदी मोजूनमापून पडत; किल्लीवर ज्याची त्याची लय असते, तिला 'हात' म्हणतात, तसा माझा हात अजून बनलाच नव्हता. काकांचा कॉलसाइन पाठवला, नमस्कार पाठवला, तब्येत ठीक असल्याचं पाठवलं.

स्पीकरमधून नुसती खरखर. अर्धं मिनिट गेलं.

"पोचलं नाही का?" मी विचारलं. काकांनी हातानंच गप्प केलं.

मग उत्तर आलं, मुद्दाम हळू, नवख्याला पाठवतात तसं. मी एकेक अक्षर कागदावर उतरवत गेले: हा हात त्याचा नाही. कोण बोलतंय? तो गेला का?

काकांना कागद दाखवायची गरजच नव्हती. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. एका सेटच्या हावेपायी मी साताऱ्यातल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या काळजाचं पाणी केलं होतं. मला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

"मी खरं सांगून टाकते त्यांना," मी म्हणाले.

"व्हा बाजूला."

त्यांनी थरथरता हात किल्लीवर ठेवला. एका टिंबाच्या जागी तीन पडत होती, रेघा मध्येच तुटत होत्या. मला एक अक्षर लागेना. बराच वेळ ते तसेच झगडत राहिले आणि मग थांबले. पुन्हा खरखर. या वेळी उत्तर लगेच आलं आणि इतक्या झपाट्यानं, की मी पेन्सिल उचलेपर्यंत संपलंही.

"काय म्हणाले?"

"शिव्या देतोय. म्हणतो, अक्षर लागलं नाही तरी चालेल, पण हात तुझाच हवा." काकांचे डोळे वाहत होते. "सेट विकायचा नाही. निघा आपण, आणि जाताना दार ओढून घ्या."