ओझर ते सायखेडा, एका इंजिनावर

रविवारी दुपारी जेवणं आटोपून आम्ही बेंगळुरूला निघालो, तेव्हा आईनं माझ्या हातावर दही-साखर ठेवली. निघालो म्हणजे पंचवटीतल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत गेलो. माझं विमान तिथं असतं.

एक कॉम्प्युटर, भिंतभर पडदा, टेबलाला आवळलेलं सुकाणू आणि इंजिनांचा जोर कमी-जास्त करायचे दोन दांडे, एवढाच त्याचा पसारा. हा खेळ खेळणारे बाकीचे लोक नवी कोरी विमानं उडवतात. माझा जीव मात्र एका जुन्या, बारीक अंगाच्या, मधून एकच वाट असलेल्या जेटवर जडलाय. पंखांखाली सिगारसारखी लांबोडकी इंजिनं, मागं काळ्या धुराची रेघ, समोर नुसती घड्याळं आणि काटे. वयानं ते माझ्याएवढंच. आवाज मोठा, उरक कमी. "म्हणूनच जमतं तुमचं," असं संगीता, म्हणजे माझी बायको, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

एरवी या प्रवासाला मी एकटाच असतो. त्या दिवशी आई बरोबर होती, कारण पुढच्या सोमवारी बेंगळुरूला माझ्या धाकट्या बहिणीचं, सुनंदाचं, पोटाचं ऑपरेशन होतं. तिनं फोनवर एकच मागणं केलं होतं : आई जवळ हवी. आईची कंबर रेल्वेत एवढे तास टिकणार नव्हती आणि आई विमानात पाय ठेवायला तयार नव्हती. "वर गेल्यावर आपल्या हातात काय राहतं? मी नाय येणार," यापुढे गाडी सरकत नव्हती. शनिवारचं विमान होतं. घरच्या घरी एकदा फिरवून आणलं की भीती जाईल, ही अक्कल माझी.

आई डायनिंगच्या खुर्चीत बसली. संगीतानं ओढणीचा पट्टा बांधून दिला. मांडीवर दशम्यांचा डबा (दुधात पीठ भिजवून केलेल्या, प्रवासात टिकणाऱ्या भाकऱ्या). ओझरच्या धावपट्टीवर मी विमान उभं केलं आणि इंटरनेटवरून टॉवरचा आवाज आला. हे टॉवरवालेही आमच्यासारखेच घरी बसलेले हौशी. आजचा नागपूरचा होता.

"हा कोन?" आईनं विचारलं.

"निघायची परवानगी देणारा."

"जेवलास का रे बाबा?" आई माइककडे वाकून म्हणाली.

पलीकडे हसू फुटलं. मग, "हो मावशी, आत्ताच झालं. जा तुम्ही आरामात."

उड्डाण सुरेख झालं. खाली द्राक्षबागांचे हिरवे पट्टे सरकू लागले. मी मुद्दाम उजवीकडे वळलो, कारण सायखेडा हे आईचं गाव. नदीचं वळण दिसलं, पूल दिसला. आईनं दशमीचा घास हातातच धरला.

"आपली गंगा!" ती म्हणाली. (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.) "आपला मळा कुठं हाय रे?"

मी बोटानं दाखवत होतो, तेवढ्यात आईनं कनवटीचं नाणं काढलं, कपाळाला लावलं आणि नदीत टाकलं. पुलावरून जाताना टाकतात, तसं. नाणं पडद्यावर आपटलं, उसळलं आणि उजव्या दांड्याच्या खाचेत गडप झालं.

आईनं डोळे मिटून हात जोडले होते. माझे उघडेच राहिले. जोर कमी करायला दोन्ही दांडे ओढले, तर डावा आला, उजवा जागचा हलेना. एक इंजिन थंड, दुसरं बेभान. विमानानं डावीकडे मान टाकली, वेगाची घंटा कडकडायला लागली आणि पडद्यावर आईचं अख्खं गाव तिरपं झालं.

विमान पडलं असतं तर खुर्ची हललीही नसती, पण शनिवार गेला असता. ऑपरेशनला जाताना सुनंदानं दाराकडे पाहिलं असतं आणि तिथं मी एकटाच उभा असतो.

"काय झालं?" आई.

"उजवं इंजिन ऐकत नाही. तुझं नाणं अडकलंय."

"मंग डिझेल तोड ना!"

मी उजवा दांडाच ओढत होतो.

"अरे, नुसता ओढतो काय? मळ्यातलं इंजिन उधळलं की तुझ्या बापाला हाका मारत बसायचे का मी? डिझेल तोडायचे. हेला नाय का तसा कॉक?"

होता. जोराच्या दांड्यांखाली इंधन तोडायचे दोन छोटे खटके असतात. तीन वर्षं मी रोज त्यांना हात लावतोय आणि ऐन वेळी एकही आठवला नव्हता.

"कुठला?"

मी दाखवला. आईनं स्वतःच्या हातानं तो खाली पाडला. उजवं इंजिन घरघरत शांत झालं आणि गाव सरळ झालं.

ओझरकडे परत वळलो. एका इंजिनावर मी कधी उतरलो नव्हतो. टॉवरवाला म्हणाला, "पट्टी मोकळी आहे, घाई नका करू." घाई झालीच. पट्टी संपली, तरी आमचं चालूच होतं. नाक गवतात घालून थांबलो.

दारात संगीता तोंडावर हात धरून उभी. आईनं ओढणी सोडली, डबा बंद केला.

"शनिवारी किती वाजता निघायचं?" तिनं विचारलं.

मी नाणं काढायला स्क्रू-ड्रायव्हर घेतला, तर तिनं मनगट धरलं. "गंगेला दिलेलं काढत असतेत का? राहू दे."

शनिवारी आई खिडकीशी बसली. गोदावरी आली, तसं तिनं काचेवरून बोट फिरवून पाहिलं. खिडकी उघडत नव्हती. मग कनवटीचं नाणं माझ्या हातात दिलं. "घरी गेला की तुझ्या त्या गंगेत टाक."

ऑपरेशन नीट झालं. आई तिकडेच राहिली, मी एकटा परतलो. खरी गोदावरी घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे, पण आईनं जागा नेमून दिली होती. म्हणून संध्याकाळी जुनं विमान काढलं. उजवा दांडा अजून पुढेच अडकलेला. आता उतरताना मी रोज डिझेल तोडतो. सायखेड्याचा पूल आला. एका हाताचा पंजा डाव्या दांड्याच्या खाचेवर घट्ट दाबला आणि दुसऱ्या हातानं नाणं टाकलं.

टण्ण वाजलं. कुठं पडलं, हे बघायचं धाडस मला अजून झालेलं नाही.