वलांडी पुसलेला फोटो

पालघरहून बोईसरकडे येताना उमरोळीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक नवीन होर्डिंग उभं राहिलं होतं. रविवारी दुपारी मोटरसायकलवरून परत येताना मी सहज वर पाहिलं आणि जागच्या जागी ब्रेक मारला. मागचा रिक्षावाला शिवी हासडून पुढे गेला. शिवी बरोबरच होती, पण मला ती नीट ऐकूही आली नाही.

होर्डिंगवर मी काढलेला फोटो होता. समुद्रावर तिरकी उतरलेली आकाशगंगा, आणि डाव्या कोपऱ्यात लांबच्या होडीच्या दिव्याची तांबडी रेघ. वीस सेकंद कॅमेरा उघडा होता, तेवढ्यात होडी जितकी सरकली तितकी ती रेघ. दुसऱ्या कुणाच्या फोटोत नेमकी तशी रेघ येणं शक्य नव्हतं. पण माझ्या फोटोत रेघेच्या उजवीकडे बोंबील वाळत घातलेल्या वलांडी होत्या, आणि एका बांबूला हात लावून एक बाई उभी होती. होर्डिंगवर तिथे नुसती वाळू होती. स्वच्छ, गुळगुळीत, जन्मात कुणी पाय न ठेवलेली वाळू. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आकाशगंगेखाली मुक्काम’. खाली एका रिसॉर्टचं नाव होतं.

मी तिथे किती वेळ उभा होतो ते आठवत नाही. फोटो चोरला, हा राग होताच. पण त्याहून मोठा राग त्या वाळूचा होता.

मी मूळचा जळगावकडचा. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात मीटर आणि वॉल्व्ह सांभाळायचं काम करतो, आणि बेटेगावात भाड्याच्या खोलीत राहतो. आमच्या खोलीवरचं आकाश रात्री नारिंगी असतं. कारखान्यांचे दिवे, धूर, वरून दमट हवा. चंद्र आणि एखाददुसरा ग्रह सोडला तर काही दिसत नाही. आठ वर्षं मला त्याचं काही वाटलं नव्हतं. मग कंपनीतल्या एका इंजिनिअरने नवीन कॅमेरा घेतला म्हणून जुना मला विकला, आणि मला तारे टिपायचं वेड लागलं. सकाळची पाळी तीनला सुटली की ट्रायपॉड पाठीला बांधून मी अंधार शोधत निघायचो.

तो अंधार मला माकुणसारच्या पुढे, खाडी ओलांडून गेल्यावर, एका मच्छीमार गावाच्या किनाऱ्यावर सापडला. गावाचं नाव इथे लिहीत नाही. होर्डिंग लावायला आणखी कुणी यायला नको.

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. त्या दिवसांत आकाशगंगेसाठी जागावं लागत नाही. संध्याकाळी साडेसातला पूर्ण अंधार पडतो, आणि तिचा सगळ्यात दाट भाग नैर्ऋत्येला समुद्रावर टेकलेला असतो. किनाऱ्यावर ओळीने वलांडी होत्या. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात आणि बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्या बोंबलाचा जबडा अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात; त्या मांडवाला वलांडी म्हणतात. शेवटच्या वलांडीला एक बल्ब लटकत होता आणि खाली साठीची एक बाई काठी घेऊन बसली होती. कुत्र्यांपासून राखण.

“मावशी, पाच मिनिटं बल्ब बंद कराल?” मी विचारलं.

“का रे भाऊ? काय करतंस?”

“ताऱ्यांचा फोटो काढतोय.”

ती हसली, पण उठून तिने बल्ब बंद केला. मी म्हणालो, तुम्हीही उभ्या राहा, पण वीस सेकंद अजिबात हलायचं नाही. तिने बांबूला हात लावला आणि अशी उभी राहिली की मला ती श्वास घेतेय की नाही अशी शंका यावी. नंतर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिने फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

“एवडं आमाला दिसत नाय,” ती म्हणाली. “मंजे खोटा हाय?”

“खोटा नाही. आपला डोळा उजेड साठवत नाही, कॅमेरा वीस सेकंद साठवतो.”

“थांबून बगितला तर दिसतं, असं बोल की.”

इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर त्या हंगामात मी बऱ्याचदा गेलो. ती चहा द्यायची, मी कामावरच्या गोष्टी सांगायचो. एकदा तिच्यासाठी फोटोची मोठी प्रत काढून नेली. तिने ती बल्बखाली धरली, बोट फिरवलं, आणि विचारलं, “माजं पिंप कुटं गेलं?”

तिच्या पायाशी निळ्या प्लॅस्टिकचं पिंप होतं, बाजूला ताडपत्रीची गुंडाळी होती. मी लॅपटॉपवर ती दोन्ही पुसली होती. बरी दिसत नव्हती म्हणून.

“फोटो छान दिसावा म्हणून काढलं मावशी,” मी म्हणालो.

“पिंप चांगलं व्हतं,” ती म्हणाली आणि प्रत पदराखाली ठेवून दिली. मी हसलो आणि विसरून गेलो. तो फोटो मी फेसबुकवर टाकला, शेकडो लोकांनी वाहवा केली, आणि तिथूनच तो उचलला गेला.

होर्डिंग दिसलं त्याच संध्याकाळी मी गाडी वळवून किनाऱ्यावर गेलो. मोबाइलवर होर्डिंगचा फोटो दाखवला. मावशीने तो डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाली, “हाच कागद पंचायतीत लावलाय त्यांनी.”

तिने पुढचं सांगितलं तेव्हा मला सगळं समजलं. गावाच्या दक्षिणेला नवीन रिसॉर्ट झालं होतं. त्यांनी ग्रामपंचायतीला अर्ज दिला होता की समोरची वाळू वापरात नाही, ती सुशोभीकरणासाठी द्यावी, आणि मासळीच्या वासाने पाहुण्यांना त्रास होतो म्हणून किनाऱ्यावर काही वाळत घालू देऊ नये. एकाच अर्जात जागा रिकामी होती आणि तिथून वासही येत होता. सोबत जोडलेला फोटो माझा होता.

“तू काडून दिलास?” तिने विचारलं.

“नाही मावशी. शपथ.”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला की नाही, ते त्या दिवशी मला कळलं नाही, आणि रस्ताभर मी त्याच रागात गाडी हाकत होतो. इतक्या संध्याकाळी जिच्या हातचा चहा प्यायलो तिच्यासमोर मला चोरांचा साथीदार करून ठेवलं होतं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर रिसॉर्टवर गेलो. मॅनेजर माझ्याच वयाचा होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मऊ. त्याने माझ्यासाठी थंड पाणी मागवलं.

“फोटो नेटवर होता सर. आमच्या डिझायनरने घेतला. तुमचं नाव टाकू आम्ही, काही प्रॉब्लेम नाही.”

“नावाचं सोडा. त्यातली बाई कुठे आहे?”

“कुठली बाई?”

“वलांडी कुठे आहेत? बोंबील कुठे आहेत?”

“सर, तुम्ही कलाकार आहात,” तो समजावणीच्या सुरात म्हणाला. “गेस्ट तारे बघायला येतात. ताऱ्यांखाली सुके बोंबील कोण बघणार? तुम्ही दोन रात्री आमच्याकडे राहा, फॅमिलीला आणा. कॉम्प्लिमेंटरी.”

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आवाज चढला, टेबलावर हात आपटला, पाण्याचा ग्लास लवंडला. तो मात्र शेवटपर्यंत हसतमुख होता, आणि त्यामुळेच मी जास्त भडकलो. वॉचमन मला दंडाला धरून फाटकापर्यंत घेऊन आला. तो गावातलाच होता. फाटकाशी हळूच म्हणाला, “ग्रामसभा हाय शनवारी. तितं बोला, हितं बोलून काय उपेग नाय.”

शनिवारी रजा टाकून गेलो. ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात होती. एका बाजूला मच्छीमार बायका बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला पुरुष उभे. त्यांतल्या काहींना रिसॉर्टवर काम मिळालं होतं, ते खाली बघत होते. मॅनेजरने अर्ज वाचला आणि माझा पुसलेला फोटो सरपंचबाईंच्या हातात दिला. मी उठून सांगितलं की हा फोटो मी काढलाय आणि तिथे वलांडी होत्या. मावशीने पिशवीतून आपली प्रत काढली आणि पुढे धरली.

मॅनेजरने ती पाहिली. मग त्याच मऊ आवाजात मला विचारलं, “सर, मूळ फोटोत आम्ही बदल केला, असं तुमचं म्हणणं. तुम्ही स्वतः यात काहीच बदललेलं नाही?”

मी तोंड उघडलं. नाही म्हणून टाकावं, असं एक क्षण वाटलं, हे कबूल करतो.

“पिंप काडलंय त्यानं,” मावशी म्हणाली. “माजं निळं पिंप व्हतं हितं. आनि ताडपत्री.”

कुणीतरी हसलं. मॅनेजरने हात पसरले. “बघा. मग वलांडीही यांनीच टाकल्या नसतील कशावरून?”

आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. आणि राग मावशीचा नाही आला. ती खरं बोलली होती. मला माझाच राग आला. त्या डिझायनरने बाई पुसली, मी पिंप पुसलं होतं. दोघांनाही किनारा आहे तसा चालत नव्हता. रिसॉर्टच्या टेबलावर हात आपटताना हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पण कॅमेऱ्याची मूळ फाइल माझ्याकडे होती. रॉ फाइल म्हणतात, कॅमेऱ्याने जे टिपलं ते जसंच्या तसं असतं त्यात. मी लॅपटॉप काढून सरपंचबाईंच्या टेबलावर ठेवला आणि ती उघडली. फोटो फिका दिसत होता, तारे मिणमिणते. उजेड वाढवला तसा किनारा वर आला. पिंप आलं. ताडपत्री आली. बल्बची लोंबती वायर, वाळूत उलटी पडलेली चप्पल, आणि मागे एकामागे एक वलांडी, पार अंधारात जाईपर्यंत. कडेला तारीख आणि वेळ.

बायका उठून टेबलाभोवती आल्या. “ही माजी,” एकीने पडद्यावर बोट ठेवलं. “तुजी नाय, तुजी पलीकडं. बांबू वाकडा हाय तो तुजा.” दोघी तिथेच भांडायला लागल्या. मॅनेजर मागून काहीतरी सांगत होता, पण त्याला पडदा दिसेल एवढी जागाच कुणी ठेवली नाही.

सरपंचबाईंनी ग्रामसेवकांना सांगितलं, “जागा वापरात आहे, असं लिहा. वाळवणीला वापरतात, असं लिहा.” अर्ज नामंजूर झाला.

बाहेर आल्यावर मावशी माझ्याजवळ थांबली. “तुला वाईट वाटला?”

“तुम्ही खरं बोललात.”

“मंग? मी खोटा बोलली असती, आनि तो डब्बा तू उगडला असता, तर माजंच तोंड काळं झालं असतं.” डब्बा म्हणजे लॅपटॉप. तिच्या बोलण्यात माफी नव्हती, ती असायचं कारणही नव्हतं.

महिनाभरात होर्डिंग उतरलं. त्या जागी नवीन लागलं, त्यावर देवदाराची झाडं आणि बर्फाचे डोंगर आहेत, त्यावर तारे. पालघर जिल्ह्यात. त्यांना लाज कशी वाटत नाही, असं मी कंपनीच्या बसमध्ये चार जणांना विचारलं. चौघांनीही होर्डिंग पाहिलंच नव्हतं.

यापुढचं सांगताना मला अजून चीड येते. अर्ज फेटाळल्यावर रिसॉर्टने आपल्या कुंपणाच्या आत, समुद्राकडे तोंड करून, उंच खांबांवर चार फ्लडलाइट लावले. संध्याकाळी सहाला लागतात, सकाळपर्यंत चालू. पांढरा झगझगीत उजेड सगळ्या किनाऱ्यावर पडतो. पहिल्या संध्याकाळी मी ट्रायपॉड लावला, वीस सेकंद थांबलो, आणि पडद्यावर दुधासारखं पांढरं आकाश आलं. मोजून सात तारे. तारे दाखवतो म्हणून लोकांना बोलावणाऱ्यांनी तारेच विझवले होते, आणि आपल्या जागेत त्यांनी दिवे लावले तर त्यांना अडवायचं कुणी, हे पंचायतीला माहीत नव्हतं, तहसील कार्यालयाला माहीत नव्हतं. तिथल्या कारकुनाने माझा अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, “उजेड जास्त आहे ही तक्रार आहे? लोक उजेड नाही म्हणून येतात इथं.”

मावशीला मी हे सांगितलं तेव्हा ती थोडी अवघडली. “भाऊ, खरा सांगू का? मला बरा पडतं. कुत्रे लांबून दिसतात.”

मी तिच्यावर रागावलो नाही. कसा रागावणार? पण त्या संध्याकाळी मला एकटं वाटलं. जागा वाचवायला सगळा गाव माझ्या लॅपटॉपभोवती उभा होता. अंधारासाठी मी एकटाच आहे.

तहसीलदारांकडे तिसरा अर्ज दिलाय, सोबत दोन फोटो जोडलेत, आधीचा आणि आताचा. दोन्हींत एक ठिपकाही बदललेला नाही. फेसबुकवरचा तो जुना फोटो काढून मूळचा टाकला, पिंपासकट. त्याला कुणी फारशी वाहवा केली नाही. एकाने लिहिलं, खालचा कचरा काढून टाका, मग मस्त वाटेल. मी त्याला जे उत्तर दिलं त्यावरून लोकांनी मला उद्धट म्हटलं.

असेन. या महिन्यात पुन्हा सकाळची पाळी आहे. तीनला सुटतो, किनाऱ्यावर जातो, फ्लडलाइटचे फोटो काढतो, तारीखवार ठेवतो. मावशी चहा देते आणि म्हणते, दिव्याचे कसले फोटो काडतंस. मी सांगतो, पुराव्यासाठी. मग ती पूर्वी बल्ब लावायची तिथे काठी घेऊन बसते. आता बल्ब लावावा लागत नाही.