पुठ्ठ्याची खिडकी

क्युबातल्या पिनार देल रिओच्या चिरूट कारखान्यात एक जण उंच खुर्चीवर बसून वाचतो आणि बाकीचे ऐकत ऐकत तंबाखूची पानं वळतात. सकाळी पेपर, दुपारी कादंबरी. ही खुर्ची साहेब देत नाही, कामगार हात वर करून देतात. बावीस वर्षं पानं वळलेल्या ओदालिस फेरानला ती महिनाभर चाचणीपुरती मिळाली होती. मतदान शुक्रवारी होतं.

आवाज तिचा असा, की साहेबांचा घोगरा खोकला काढला तर साहेबच मागे वळून बघत. अक्षरांशी मात्र लहानपणापासून वाकडं. शाळेत तिला दगड म्हणत. गेल्या वर्षी भाचीच्या शाळेतल्या बाई घरी येऊन म्हणाल्या, "याला डिस्लेक्सिया म्हणतात. पोरगी मठ्ठ नाही. पुष्कळदा हे घराण्यात उतरतं. आणखी कोणाला आहे?"

सगळे छताकडे बघू लागले. ओदालिस सगळ्यांत आधी.

बाईंनी भाचीला एकच ओळ दिसेल अशी खिडकी कापलेला पुठ्ठा दिला. ओदालिसने गुपचूप तसाच एक कापून घेतला. संध्याकाळी त्यातून ती उद्याचं प्रकरण तीनतीनदा वाचून बघे, पेपर पहाटे.

गुरुवारी पेपर उशिरा आला, थेट खुर्चीवर. पहिलं पान कसंबसं निभावलं. बेसबॉलच्या बातमीत ओळी एकमेकींत शिरल्या, तेव्हा पुढचं तिने मनानेच रचलं: आपला संघ दोन धावांनी जिंकला, तोही शेवटच्या फटक्यावर.

"कुठल्या गावात जिंकला गं?" पुढच्या फळीवर पानं वळणाऱ्या म्हाताऱ्या एवेलिओने मान वर न करता विचारलं. तो रेडिओ उशाशी घेऊन झोपणारा. "मी ऐकलं तेव्हा तर नाक कापून घेत होते."

वाचन आवडलं तर इथे पानं कापायचं पातं फळीवर ठोकतात. नाही आवडलं तर जमिनीवर टाकतात. एक पडलं. मग दुसरं, तिसरं.

ओदालिसने पिशवीतून पुठ्ठा काढून सगळ्यांदेखत पेपरवर ठेवला.

"अक्षरं माझ्यासमोर एका जागी थांबत नाहीत. चष्म्याने जाणारं नाही हे. आता बघून वाचते. सावकाश होईल."

"बावीस वर्षं शेजारी बसलीस," एवेलिओने आता मान वर केली. "नवऱ्याचं घोरणंसुद्धा सांगितलंस. हे तेवढं नाही होय?"

"सांगितलं असतं तर खुर्ची दिली असतीत, काका?"

"नसती दिली," एवेलिओ म्हणाला. "आता वाच. हरलेत तर हरलेलेच वाच."

ओळ संपे, पुठ्ठा खाली सरके. एका बातमीला तीन बातम्यांचा वेळ लागला. कोणी पातं ठोकलं नाही, कोणी टाकलंही नाही.

शुक्रवारी एकशे चार हात बाजूने, एकोणचाळीस विरुद्ध. पेपर उशिरा आला तर सकाळी कादंबरी आणि दुपारी पेपर, असंही ठरलं. एवेलिओचा हात विरुद्धच्यांत होता. "खेळाचं खोटं मी विसरत नाही," तो म्हणाला.

सोमवारी पहाटे ओदालिससाठी पेपरची गाडी अडवायला रस्त्यावर तोच उभा होता.