मानसिंगचा प्रोग्रॅम आणि अवसेच्या मोळ्या

मला लिहायची सवय नाही. पण ज्यांना मानसिंगविषयी नीट लिहिता आलं असतं, ते आता राहिले नाहीत. म्हणून जमेल तसं लिहितो.

मानसिंग पलटणीत सिग्नलमध्ये होता. सुटून आल्यावर पुण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर लागला. कुणाचा ऊस कधी तोडायचा, तो क्रम यंत्रानं लावावा, असं त्याच्या डोक्यात आलं आणि त्यापायी त्यानं नोकरी सोडली. त्याच कंपनीचं यंत्र भाड्यानं घेऊन भोकं पाडलेल्या कार्डांवर प्रोग्रॅम बसवला. सॉफ्टवेअर हा शब्द आम्हाला फार पुढं कळला.

मी इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात, शेती खात्यात कारकून. तोडीचा क्रम माझ्या टेबलावर ठरे. पाहुणे, भावकी घरी येऊन बसत, "तेवढी आमची तोड पुढं घ्या." मला नाही म्हणता येत नसे आणि मग कुणाची तरी तोड मागं ढकलली म्हणून जेवण जात नसे. मानसिंग कार्डांची पेटी आणि पुण्याच्या यंत्रानं छापलेली तोडीची यादी घेऊन आला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला असेल.

ते १९७८ साल. संचालक नानासो त्याला म्हणाले, "आठवडाभर चालवून बघू. पर चरकाची गव्हाण उसाबिगर एकदा जरी रिकामी पडली, तर पेटी उचलायची आन् पुण्याची एसटी धरायची." दुसरा कोणताच कारखाना त्याला दारात उभा करत नव्हता.

सुरुवातीचे दिवस झकास गेले. मग एका सकाळी आवारात एकही बैलगाडी दिसेना. मानसिंग तोडणीच्या टोळीकडं धावला.

"गाड्या कुठं हायत?"

"आज आवस. बैल जुंपत न्हाईत," मुकादम बिराप्पा म्हणाला. "तुज्या मशिनीला आवस ठावं न्हाई व्हय रं?"

आम्ही अमावस्येच्या आदल्या दिवशी जादा गाड्या बोलावून ऊस साठवत असू. ते इतकं अंगवळणी पडलेलं, की त्याला सांगायचं कुणाला सुचलंच नाही. आणि पलटणीत राहून शेतकऱ्याचा हा मुलगाही विसरला होता.

दुपारपर्यंत पुरेल एवढाच ऊस उरला होता. टोळीही आवारात येऊन बसली होती. मानसिंग पेटीवर बसून राहिला. नानासो आले, पेटीकडं बघून म्हणाले, "एसटी कवा हाय रं?"

कुणी हसलं नाही. टोळीतली आटपाडीची मुक्ताबाई पदर खोचत उठली.

"आवं मुकादम, आवस बैलांची. माणसाला कसली आलीया आवस?"

"मग काय डोक्यावर आणतीस?"

"आणती की! उसाचा फड कारखान्याच्या कुंपणाला लागून तर हाय. तुमी बी उठा, बसून बसून लय सुटलाय."

टोळी हसतच फडात शिरली. मोळ्या बांधून माणसं डोक्यावर ऊस आणू लागली. मानसिंगनं आणल्या, मीही दोन-चार आणल्या. मान आठवडाभर धरली होती. चरक हळू फिरवला, पण गव्हाण रिकामी पडली नाही. नानासोंनी एसटीचा विषय पुन्हा काढला नाही.

मानसिंग पंचांग घेऊन पुण्याला गेला आणि हंगामातल्या सगळ्या अमावस्या कार्डांवर चढवून आला. आमच्या कारखान्यानं प्रोग्रॅम ठेवला, मग आणखी दोन कारखान्यांनी घेतला. तरी दरवर्षी हंगामातल्या पहिल्या अमावस्येला तो यायचा आणि एक मोळी डोक्यावरून वाहायचा. मुक्ताबाई म्हणायची, "आता मशिनीला समद्या आवसा पाठ हायत की रं!"

"तिला हायत, आक्का," तो म्हणायचा. "माझं काय खरं न्हाई."

पाहुणे माझ्या घरी त्यानंतरही येत राहिले. मी त्यांना चहा देई, "क्रम मशीन लावतंय, पाहुणं," म्हणे आणि सुखानं जेवायला बसे. मानसिंग आणि मुक्ताबाई, या दोघांची आठवण मला अजूनही जेवतानाच येते.