आत्याचं पाकिटातलं मत

हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मोहल्ल्यात, ब्राह्मणपाऱ्यात, बायकांना नवऱ्याचं नाव मोठ्यानं घ्यायला लावणारी एकच बाई होती. तिला सगळे आत्या म्हणायचे. शाळेतून निवृत्त झालेली, विधवा, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. निवडणूक जाहीर झाली की दुपारी तिच्या पुढच्या खोलीत बायका जमायच्या. आत्या टेबलामागे मतदान अधिकारी होऊन बसायची आणि एकेकीला विचारायची, "पति का नाम?"

"इश्श! उखाण्यात घेऊ का?"

"बूथवर उखाणा नाही चालत. मागं रांग उभी असते. सरळ घे."

कोपऱ्यावरच्या सुमनकाकू तेवढ्या कधीच घेत नसत. पदर तोंडाला लावून हसायच्या. आत्याचं नावही सुमन, आडनावही तेच, काळे. म्हणून आत्या त्यांच्यावर जास्तच चिडायची.

बाकी तिचं शिकवणं मोजकं होतं. यादीत नाव आहे का ते आधी पाहा. कार्ड असलं तरी यादीत नाव नसेल तर परत यावं लागेल. कार्ड हरवलं असेल तर फोटो असलेलं दुसरं चालणारं ओळखपत्र न्या, घरी बसू नका. पक्षवाल्यांच्या टेबलावरची चिठ्ठी म्हणजे ओळख नव्हे. आणि दारातल्या बंदूकवाल्या जवानाबद्दल ती म्हणायची, "त्याले घाबरून काहून राहिल्या? तुमच्यावर कोणी दादागिरी करू नये म्हणून उभा आहे तो."

मला या दुपारच्या वर्गांची गंमत वाटे. तीस वर्षांचा होतो, नुकत्याच राजधानी झालेल्या आमच्या शहरात नव्या कार्यालयात लागलो होतो, आणि आत्याला स्कूटरवरून बूथवर नेणं हे माझ्या लेखी एक काम होतं, लवकर उरकायचं.

राज्य नवं झाल्यानंतरची ती पहिली विधानसभा निवडणूक. बायकांच्या रांगेतून आत्या आत गेली, पुरुषांच्या रांगेतून तिच्या पाठोपाठ मी. अधिकाऱ्यानं यादीवर बोट फिरवलं आणि थांबला.

"माताजी, आपका वोट तो पड़ गया है।"

आत्यानं डावी तर्जनी त्याच्यासमोर धरली. बोटावर शाईचा ठिपकाही नव्हता.

"फर्जी वोट!" एका पक्षाचा एजंट खुर्चीतून उठला. "पुलिस बुलाइए! नाम निकालिए किसका काम है!" मागची रांग आत वाकून पाहू लागली. जवान दारात आडवा झाला.

शाई लावणारा म्हणाला, "सुबह एक बुजुर्ग दीदी आई थीं। पति का नाम पूछा तो शरमा गईं। हमने पढ़ा, मधुकर? तो सिर हिला दिया।"

मधुकर म्हणजे आत्याचे यजमान. सुमनकाकूंचे मनोहर. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही एकदमच कळलं. बाहेर टेबलावर काकूंना नाव जुळलं म्हणून आत्याची चिठ्ठी दिली गेली होती, आणि आत त्यांनी नवऱ्याचं नाव घेण्याऐवजी मान हलवली होती. आता एजंटाला त्यांचं नाव कळलं असतं, तर पोलीस सत्तरीच्या बाईला घरातून घेऊन गेले असते.

मी आत्याच्या कानाशी लागलो. "यादीतला काकूंचा नंबर रिकामाच असेल. नाव तेच आहे. तू त्याच्यावर टाक. तिचं तुझं, तुझं तिचं. बरोबर होईल."

"आणि मी मनोहररावांची बायको होऊ?" ती दबक्या आवाजात म्हणाली. मला हसू आलं, तिला नाही. "पोट्ट्या, तिनं न कळत केलं. मी कळून करू?"

"मग जाऊ दे ना, घरी चल. मले ऑफिसले उशीर होऊन राहिला."

हे मी म्हणालो. त्या वाक्याची लाज मला अजून वाटते.

आत्या केंद्राध्यक्षाकडे वळली आणि हिंदीत म्हणाली, "गलती हुई है, चोरी नहीं। मुझे किसी की शिकायत नहीं करनी। मुझसे जो पूछना है पूछिए, और मेरी कागज़वाली मतपत्रिका दीजिए।" आपल्या नावावर दुसऱ्याचं मत पडलं असेल, तर ओळख पटवून कागदी मतपत्रिका मागता येते, हे तिला ठाऊक होतं.

त्याला ते नको होतं. रांग ओरडत होती, एजंट अजून पोलीस-पोलीस करत होता. "माताजी, वो लिफ़ाफ़े में बंद रहेगी। गिनती में आती नहीं।"

"मालूम है।"

त्यानं घर विचारलं, वय विचारलं, पतीचं नाव विचारलं. "मधुकर काळे," आत्या म्हणाली, खोलीभर ऐकू जाईल असं. त्यानं सही घेतली, कागद दिला. ती आडोशामागे गेली आणि इतका वेळ लावला की रांगेतलं कोणीतरी "सो गई क्या दाई?" म्हणालं; इकडे म्हाताऱ्या बाईला दाई म्हणतात. मग घडी घालून तिनं कागद त्याच्या हातात दिला आणि तो पाकिटात जाईपर्यंत उभी राहिली. एजंट खाली बसला होता.

बाहेर सुमनकाकू भेटल्या, बोट उंचावून. "झालं का वो तुमचं?"

"झालं," आत्या म्हणाली. "तुमचं?"

"आमचं तर सकाळीच!"

तिनं त्यांना कधीच सांगितलं नाही. मलाही सांगू दिलं नाही.

पुढच्या निवडणुकीआधीच आत्या गेली. तिचं शेवटचं मत त्या मोहोरबंद पाकिटातच राहिलं, कोणी उघडलं नाही. त्या दिवशी तिच्यानंतर मी बटण दाबलं होतं. माझं मत मोजलं गेलं. ते कोणाला दिलं, हे मला आता आठवतही नाही.