एक वाजताचा उंचवटा

आमच्या इमारतीत अशी बातमी आहे की माझी आत्या दिवसभर फ्रीजशी बोलते, आणि म्हणूनच तिचं लग्न टिकलं नाही. दोन्ही खोटं. लग्न उत्तम टिकलंय. काका घरीच असतात, फक्त बोलत नाहीत. आणि आत्या फ्रीजशी बोलत नाही, फ्रीज तिच्याशी बोलतात. नऊ आहेत.

ती औषधांच्या गोदामात स्क्रीनसमोर बसते. तिथल्या प्रत्येक थंड खोलीत साबणाच्या वडीएवढा सेन्सर टांगलेला असतो. दोन ते आठ अंशांत त्याचं काही म्हणणं नसतं. आठच्या वर पाच मिनिटं गेली की भोंगा: टीं-टीं-टूंऽऽ! हा मी आत्याच्या आवाजाइतकाच हुबेहूब काढते. एकदा घरी काढला तर आत्या अर्ध्या आंघोळीतून बाहेर आली.

चार नंबरच्या खोलीत इन्सुलिन. तिचा भोंगा सगळ्यात जास्त वाजायचा, कारण हमालांचा म्होरक्या पैलवान माल काढताना दाराला ट्रॉली अडकवून ठेवायचा. आत्या माईकवरून ओरडायची, "पैलवान, दार!"

"लावतो की ताई! दार काय पळून चाललंय?"

शेवटी साहेब खाली आले. साहेब बोलताना सारखे खाकरतात, जणू वाक्य घशात आडवं पडलंय. "अहं, बाई, तुमचा हा भोंगा वरच्या ऑफिसात ऐकू येतो. आणखी एकदा विनाकारण ओरड झाली तर, अहं, तुम्ही पॅकिंगला."

पॅकिंग म्हणजे दिवसभर उभ्यानं खोक्यांना चिकटपट्टी लावायची. आत्याचे गुडघे तिच्या आधीच रिटायर झालेत.

दुसऱ्या दिवसापासून चार नंबर गप्प. सलग तीन दिवस. स्क्रीनवर चार अंशांची रेघ, फूटपट्टीनं ओढल्यासारखी. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी शेजारच्या खुर्चीत होते.

"सुधारला की गं," मी म्हटलं.

"लक्षण बरं नाही. पोर एकदम शहाण्यासारखं वागायला लागलं की आधी बघावं, काय फोडलंय."

"पैज! आत सगळं ठीक असणार."

"हरलीस तर महिनाभर माझी नक्कल बंद."

"आणि तू हरलीस तर?"

"मी पॅकिंगला."

मग तिनं रेघेवर बोट ठेवलं. तिच्यावर रोज एकच बारका उंचवटा होता, बरोबर एक वाजता. "दार दिवसातून तीस वेळा उघडतं, तेव्हा ही ढिम्म. एक वाजता सगळे जेवायला जातात, खोलीला कुलूप असतं, आणि हिला नेमकं तेव्हाच उकडतं?"

तिनं साहेबांना फोन लावला. "चार नंबरचा माल थांबवते. खोली तपासायचीय."

"अहं, भोंगा वाजलाय का?"

"नाही ना. म्हणून तर."

साहेब आले, हातात थर्मामीटर घेऊन आम्ही गेलो. दारात ट्रॉली. भोंगाच नाही म्हटल्यावर ती सकाळपासून तिथंच होती. आत अकरा अंश. सेन्सरचा हूक रिकामा.

सेन्सर सापडला जेवणघरातल्या छोट्या फ्रीजमध्ये, पैलवानाच्या लोणच्याच्या बरणीमागे. तो फ्रीज दिवसातून एकदाच उघडतो. एक वाजता.

पैलवानाचे कान लाल झाले. "ताई, तुमची बदली टळावी म्हणून केलं हो. म्हटलं, इथं त्याला कोणी त्रास देणार नाही."

"माझी खुर्ची वाचवलीस रे बाबा," आत्या म्हणाली, "आणि खोलीभर औषध घालवलंस."

खोलीतला माल बाजूला काढून त्यावर 'विकू नये'च्या चिठ्ठ्या लागल्या. तीन दिवसांत बाहेर गेलेली खोकी दुकानांना फोन करून परत मागवली. ती आणायला पैलवान स्वतः गेला. त्यानंतर तो दार असं लावतो, जणू आत बाळ झोपलंय.

साहेब खाकरले. "अहं, बाई, दाराचं हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"सांगत होते की साहेब. विनाकारण ओरडून."

साहेब खाकरत वर निघून गेले. आत्या खुर्चीत जाऊन बसली. तिसऱ्या मिनिटाला सात नंबर बोलायला लागला.

महिनाभर मी आत्याची नक्कल केलेली नाही. लिहून काढायचं नाही असं मात्र पैजेत ठरलं नव्हतं.